येते म्हणायचं

जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या गल्लीत साउंड सर्व्हिस रुपरावची होती, पण गल्लीला आवाज पुरवायची ती त्याची बायको गोपिका. ती भाजीवाल्याशी घासाघीस करू लागली की आम्ही रेडिओ बंद करायचो. भुलाबाईच्या गाण्यांना तिला माइक लागत नसे. "माह्या भोंग्याचा धंदा हिच्यापायी बसून राहिला गा," असं रुपराव मोठ्या अभिमानानं सांगायचा.

एकोणऐंशी साली तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशननं कदाचित जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही. तेव्हापासून गोपिका उरलेला आवाज पुरवून वापरल्यासारखी बोलू लागली. मला ते ऐकवत नव्हतं.

दवाखान्यात जायच्या सकाळी रुपरावनं मला बोलावलं. तिचा आवाज त्याला टेपमध्ये धरून ठेवायचा होता. टेपरेकॉर्डरला माइक सरळ लावला की नुसती खरखर यायची, म्हणून त्यानं माइक इको मशीनला जोडला आणि तिथून वायर टेपरेकॉर्डरमध्ये घातली. हे मशीन ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी घेतलेलं, गाणाऱ्याचा शब्द घुमवणारं. घुमवायचं बटण शून्यावर ठेवलं की आवाज भरीव आणि स्वच्छ उतरायचा. खोड एकच होती. मशीनच्या आत टेपची पट्टी गोल फिरायची, आणि तिच्यावरचा जुना आवाज पुसणारं हेड झिजलं होतं. भिवापूरच्या एका लग्नात नवरदेवाच्या नावामागून आदल्या लग्नातला नवरदेव घुमला, तेव्हा व्याही मारायला उठले होते. तो किस्सा निघाला की आम्ही पोट धरून हसायचो. त्या सकाळी तो कुणी काढला नाही.

गोपिका भुलाबाईचं गाणं गायली. मग सासरी गेलेल्या पोरीला नावानं हाक मारली. घसा दुखत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"झालं न? जाते मी आता."

रुपरावनं झटकन दोन्ही मशीन बंद केली.

"जाते काहून म्हणते वं? घरून निघताना येते म्हणावं!"

"तोंडातून निघालं," ती म्हणाली.

मला असल्या शकुनांची भयंकर चीड आहे. मी दोघांनाही दटावलं, पण माझ्याही अंगावर काटा आला होता.

रुपरावनं टेपरेकॉर्डरमधली टेप त्या "जाते"च्या मागे घेतली, दोन्ही मशीन पुन्हा सुरू केली. गोपिका माइकजवळ वाकली आणि म्हणाली, "येते." गाण्याचा शेवटचा शब्द आला की घुमवायचं बटण वर न्यायची रुपरावच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय. हात आपोआप गेला. भोंगा जोडलेला नव्हता, म्हणून टेपमध्ये काय उतरलं ते आम्हाला कळलं नाही.

तिला ऑपरेशनला आत नेलं, आणि रुपरावनं व्हरांड्यात टेप मांडीवर घेऊन हळूच लावली. गाणं झालं, हाक झाली. मग "येते" आलं आणि घुमू लागलं. त्याच्या पाठीमागून, पुसट, तिच्याच आवाजात दुसरा शब्द वर आला. जाते... जाते... जाते...

"हेड झिजलं आहे," रुपराव म्हणाला. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी त्यानं टेप पुन्हा लावली नाही. आम्ही ऑपरेशनच्या बंद दाराकडे पाहत बसलो. दार उघडू नये असंही वाटत होतं.

गोपिका घरी आली. गळ्याला पट्टी, तोंडात शब्द नाही. टेपचा शेवट पुसायचं रुपरावनं मनाशी ठरवलं होतं, पण त्याआधीच तिनं टेप लावायची खूण केली. शेवट जवळ आला तसा त्याचा हात बटणाकडे गेला. तिनं मनगट घट्ट धरलं.

"येते" ऐकलं तेव्हा तिनं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "जाते" ऐकलं तेव्हा गळ्यावर.

रुपराव माझ्यासमोर हुंदके देऊन रडला. बाहेर भाजीवाला ओरडत होता. त्याच्याशी भांडायला कुणी गेलं नाही.