गोळी थांबली, आवाज परतले

डॉ. वसुधाताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांची माझी पहिली भेट शहरातल्या शनवारा भागातल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी मनोविकारशास्त्र नुकतेच शिकून आले होते आणि आपल्याला बरेच कळते, अशी माझी समजूत होती.

त्याच आठवड्यात जसोंडी गावचे ट्रकचालक रमेशभाऊ आले. केळीचा ट्रक दिल्लीला नेताना झोप येऊ नये म्हणून ते उत्तेजक गोळ्या घेत. आता त्यांना कोणीतरी पाठलाग करत असल्याचे भास होत, शिव्या देणारे आवाज ऐकू येत. गोळ्या बंद केल्या, उपचार झाले आणि थोड्याच दिवसांत ते सावरले. मी ‘नशेचा परिणाम’ असे लिहून केसपेपर बंद केला.

ताईंनी तो पुन्हा माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "गोळीनं धडधाकट माणसाला स्किझोफ्रेनियासारखे आवाज ऐकवले. म्हणजे त्या आजारातही मेंदूतल्या रसायनांचा हात असणार. पण तीच गोळी खाणारे बाकीचे ड्रायव्हर ठीक आहेत. मग यांनाच का?"

त्यांनी घरी चौकशी केली. रमेशभाऊंच्या एका काकांनाही असेच आवाज येत, तेही कुठलीच नशा न करता. तेव्हापासून ताई रमेशभाऊंना दर महिन्याला बोलावत. ते आले नाहीत, तर स्वतः जसोंडीला जात.

वर्षभराने आवाज परतले. रमेशभाऊंचे थोरले बंधू संतापून म्हणाले, "यानं फिरसे गोळ्या घेतल्या. आता याला घरात नाही ठेवत."

"मॅडम, सच्ची सांगते, एक बी नाही घेतली," रमेशभाऊंच्या पत्नी सुनीताताई म्हणाल्या.

मलाही बंधूंचेच पटत होते. ताईंनी लगेच लघवीची तपासणी करवली. त्यात गोळीचा अंशही निघाला नाही.

"सुनीता खरं बोलतेय," ताईंनी बंधूंना सांगितले. "आजाराचा कल आधीपासून असावा, गोळीनं त्याला जोर दिला. कशाचा वाटा किती, ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही. पण आजारी माणसाला घराबाहेर काढायचं नसतं."

बंधूंनी टेबलावरची औषधाची चिठ्ठी उचलली. मग त्यांनी विचारले, "दवाई किती वाजता द्यायची?"

रमेशभाऊ घरीच राहिले. आज ते केळीच्या बागेत काम करतात आणि औषध चुकवत नाहीत. मी ताईंची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी नको, सुनीताची माग." मी मागितली.

ताईंचे गुडघे आता दुखतात, तरी खेड्यांच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत. त्यांना निरोगी शतायुष्य लाभो. तुकईथडकडच्या खेड्यांची फेरी मात्र यापुढे मी करणार, ताईंनी कितीही नको म्हटले तरी.