हिमनदीवर शाल

प्रभादेवीच्या बाजारातली आमची मासेवाली मावशी बर्फावरचं गोणपाट कोणी उचललं, की हातावर फटका मारते. गेल्या मे महिन्यात ती आमच्याबरोबर हिमालयाच्या सहलीला आली होती.

गाइड म्हणाला, "पूर्वी हिमनदी इथपर्यंत होती. वितळत वितळत आता पार त्या टोकाला गेलीय."

मावशी भडकली. "उघड्यावर ठेवलात, मग वितळनारच! वर काय टाकायला नको?"

सगळे हसले. इतक्यात समोरचा बर्फाचा कडा कडकडून तुटला आणि तुकडे ओढ्यातून वाहत आले. काठाला अडकलेल्या एका तुकड्यावर मावशीने अंगावरची शाल घातली.

"मावशी, हा काही टिकणार नाही," मी म्हणालो.

ती कुडकुडत म्हणाली, "ठाव हाय रे. पन माल जाताना हात बांधून बसायची सवय नाय मला."