एन्सा मास्तरांची फिर्याद

मंगळवारी समुद्राला सुट्टी. या किनाऱ्यावरच्या फान्टी कोळ्यांची होडी त्या दिवशी पाण्यात उतरत नाही. माणसं जाळी दुरुस्त करतात, आणि दुपारी वाळूवरच्या छपरीत कोळ्यांचे प्रमुख नाना अबाका गावातले तंटे ऐकतात. कुणी कुणाचं जाळं फाडलं, कोण कुणाच्या बायकोला काय बोललं. त्या मंगळवारी शाळा सुटल्यावर बेंजामिन एन्सा मास्तर जिन दारूची सीलबंद बाटली काखोटीला मारून तिथे गेले आणि त्यांनी चक्क स्वतःच्या वर्गावर फिर्याद ठोकली.

एन्सा मास्तर एकोणीस वर्षं याच गावात इतिहास शिकवत होते. काय तास रंगायचा त्यांचा! मासे भाजणाऱ्या बाया शेगडी सोडून खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. आता शेवटच्या वर्गाच्या हजेरीत नावं एकेचाळीस आणि बाकांवर मुलं अकरा. त्यातली चार झोपलेली. मुलगे होडीवर जात, मुली मासे भाजायला धुरात बसत. दूर कुमासी शहरातल्या एका शाळेत बदली मिळत होती, बायकोच्या माहेराजवळ. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मास्तरांना फक्त एवढंच हवं होतं, की चारचौघांत कुणीतरी म्हणावं, दोष मुलांचा आहे. मग जाताना मन मोकळं राहिलं असतं.

नानांशी थेट बोलायचं नाही, हा रिवाज. मधे काठी घेऊन अट्टाकाका उभे. त्यांना सांगायचं, मग ते नानांना सांगणार. नाना हातभर अंतरावर बसून सगळं ऐकत असले तरी.

मास्तरांनी फिर्यादीच्या रिवाजाप्रमाणे बाटली पुढे ठेवली. "अट्टाकाका, नानांना सांगा, माझी मुलं शाळेत येत नाहीत. आली तर ऐकत नाहीत."

अट्टाकाकांनी घसा साफ केला. "नाना, मास्तर म्हणतात, एकोणीस वर्षं जाळं टाकतोय. आता मासळी लागत नाही, आणि लागलीच तर जाळ्यातच घोरते!"

छपरीत हशा पिकला.

"मी असं कुठे म्हणालो?"

"तुम्ही मीठ घालायला विसरलात, मास्तर. मी घातलं."

मुलांच्या बाजूने आराबा उभी राहिली. पंधरा वर्षांची, गणवेशाला भाजल्या माशांचा वास. "काका, नानांना सांगा, सर बोलतात ते खरं आहे. पण ते दर वर्षी एकाच वहीतून वाचतात. मोठ्या ताईने जे उतरवून घेतलं तेच मी उतरवते. पान उलटताना सर खोकतात तेसुद्धा ताईला ठाऊक आहे. मग मी वर्गात बसले काय आणि धुरात बसले काय! सरांचं मन आधी उडालं. आमचं नंतर."

"अगं भवाने, तोंड आवर!" गर्दीतून तिची आई ओरडली.

अट्टाकाकांनी या खेपेला मीठ घातलं नाही. शब्द जसेच्या तसे नानांपर्यंत पोहोचवले.

मास्तरांचे कान तापले. वही होती. दहा वर्षांपूर्वीची, निळ्या शाईतली. खोकत असतील का, ते मात्र त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नाना पाण्याकडे बघत बोलू लागले. "होडी हलत नसली की आम्ही वल्हेकऱ्यांना झापतो, आणि तांडेलालाही. इथे दोघंही चुकलेत. मुलांनी आठवडाभर शाळेत जायचं. मास्तरांनी वही घरी ठेवायची. पुढच्या मंगळवारी काय झालं ते दोघांनी इथे येऊन सांगायचं."

"काका, नानांना सांगा, बदलीचं उत्तर सोमवारी द्यायचंय."

नानांनी काठीवाल्याला हातानेच थांबवलं आणि थेट मास्तरांकडे पाहिलं. "निकालाआधी फिर्यादी गाव सोडत नाही, हे तुम्हाला एकोणीस वर्षांत कळलं असेलच. जायचं असेल तर बाटली उचला. फिर्याद मागे घेतली असं समजू. कुणी नावं ठेवणार नाही."

सगळे बाटलीकडे बघत होते. मास्तरांच्या डोळ्यांपुढे कुमासीचा वर्ग उभा राहिला. नवे बाक, नवी मुलं, आणि टेबलावर तीच निळ्या शाईची वही. तिथेही कुणाची तरी धाकटी बहीण येणारच होती.

"पुढच्या मंगळवारी मी इथे आहे," ते म्हणाले. काकांना सांगायचंही विसरले.

गर्दी पांगली. आराबा वाळूत पाय घासत रेंगाळली. "सर, रागावलात?"

"हो."

"मग उद्या काय शिकवणार?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "साडेसातला ये. तोवर ठरवतो."