उपग्रहाच्या चित्रातला काळा पट्टा

उन्हाळी धानाची रोवणी सुरू होती. बिरसीतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत, धाकटी बहीण दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राचे नकाशे करत असे. उपग्रहाच्या रडार चित्रांवरून बर्फ कुठे आणि मोकळे पाणी कुठे हे आखायचे; कंपनी तो नकाशा जहाजांना देई. नोकरी नवीन होती. त्याआधी तिने अशाच चित्रांवरून जिल्ह्यातले धानाचे क्षेत्र मोजले होते. त्यांत पाणी भरलेली बांधी, म्हणजे शेताचा बांध घातलेला तुकडा, काळी दिसते. काळे म्हणजे पाणी, ही सवय डोळ्यांना तिथे लागली.

त्या दुपारी तिचा नकाशा जहाजांना गेल्यावर तापमानाचे चित्र आले. मोकळे पाणी म्हणून आखलेला पट्टा गोठणबिंदूच्या बराच खाली होता.

"भाऊ, हे पाणी नाही," ती म्हणाली. "नुकताच धरलेला बर्फ आहे. गुळगुळीत आहे म्हणून काळा दिसून राहिला."

संशोधकांना घेऊन परतणारे एक जहाज त्याच पट्ट्यातून निघणार होते. ते बर्फ फोडणारे नव्हते. आत शिरल्यावर मागचे पाणी गोठले असते, तर ते माणसांसकट अडकले असते. वृत्तपत्रातली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. इथे ती सोय नव्हती.

तिने वरिष्ठांना फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला.

"पक्का है?" पलीकडून विचारणा झाली. "जहाज मोड़ा तो रास्ता बहुत लंबा पड़ेगा."

"पक्का है सर. गलती मेरी है. पहले जहाज रुकवाइए."

बांधीतून आलेली माय चिखलाच्या पायांनी दारात थांबली.

"काऊन वो, जेवली नाहीस अजून? तुयं जहाज का आपल्या बोडीच्या गाळात फसलं?"

"माय, थांब जराशी."

गावाजवळच्या धावपट्टीवरचे शिकाऊ वैमानिकांचे विमान घरावरून घिरट्या घालत होते. बहिणीने खिडकी लावून घेतली. निरोप आला तो अर्धवट होता: जहाज पट्ट्यात शिरले आहे, मागे घेत आहेत.

त्यानंतर बराच वेळ काही आले नाही. माय पाय धुवून आत येऊन बसली.

शेवटी फोन वाजला. जहाज बाहेर पडले होते. यापुढे बहिणीचा नकाशा दुसऱ्याने तपासल्याशिवाय जाणार नाही, असेही सांगण्यात आले. ती "जी सर" म्हणाली.

"निंगालं का?" मायने विचारले.

"निंगालं."

"मंग जेव आता."

बहिणीने आधी पाठवलेले नकाशे उघडले होते. त्यांतला एकेक काळा पट्टा ती तापमानाशी ताडून पाहत होती.