फ्लॉपीतून आलेलं वर्ष

जळोचीची कौसल्या बारामतीत इंद्रजित नावाच्या कर सल्लागाराकडे हिशेब टाईप करायची. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवायचं आणि एकेक ओळ कॉम्प्युटरवर चढवायची. मार्च आला की बोटं आखडून जायची.

अठ्ठ्याण्णव साली इंदापूरच्या एका बँकेत नवे कॉम्प्युटर बसले आणि बावड्याच्या एका खतदुकानाचं वर्षाचं स्टेटमेंट बँकेनं फ्लॉपीवर दिलं. कौसल्याच एसटीनं जाऊन घेऊन आली. रुमालात गुंडाळलेली ती चपटी वस्तू तिनं वाटभर दोन्ही हातांनी धरून ठेवली. एवढ्याशात अख्खं वर्ष मावलंय, हे तिला पटत नव्हतं.

फाईल थेट हिशेबात उतरवणारा छोटा प्रोग्रॅम इंद्रजितनं पुण्याहून करून आणला होता. "ओळीत तारीख, तपशील, जमा, नावे, एवढंच," तो म्हणाला. "मधे स्वल्पविराम. बाकी काही नको."

फाईलमध्ये दर पानाला बँकेचं नाव, रेघा, पानाचा आकडा. कौसल्या एकेक पुसत गेली, स्वल्पविराम देत गेली. प्रोग्रॅम चालवला, तर लाखाची रक्कम तुकडे होऊन भलत्याच रकान्यांत जाऊन पडली.

दोघंही पडद्याकडे बघत बसले. मग तीच ओरडली, "साहेब, रकमेतले स्वल्पविराम! त्याला वाटतंय, तिथंच रकाना संपला."

"अरे हो की! माझ्याही ध्यानात आलं नाही," इंद्रजित म्हणाला.

ते काढून होईतो दुपार झाली. तिची आई भामाबाई मंडईत भाजी विकून आली आणि बाकावर टेकली. कौसल्यानं कळ दाबली. नोंदी सरसर वर धावू लागल्या, थांबल्या. शेवटची शिल्लक बँकेशी पैशासकट जुळली.

"कोण लिवतंय गं ह्ये?" भामाबाई उठून जवळ आली. "तुझं हात तर मांडीवर हायती."

"कुणीच न्हाय, आये. बँकेनं लिवलेलंच हितं आलं."

"इंदापुरास्नं?"

"व्हय."

भामाबाईनं पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. "पुन्यांदा दाव की."

"नोंदी दुप्पट होतील, आये."

"नाही होणार," इंद्रजित म्हणाला, "मी रिकामं खातं उघडून देतो." आणि खुर्ची ओढून तोही शेजारी बसला.

पुढच्या मार्चला आणखी दुकानांच्या फ्लॉप्या आल्या. त्या नीट करणं हेच कौसल्याचं काम झालं. हात सरावला, तरी ओळी धावायला लागल्या, की तिच्यानं कुणाशी बोलणं होत नसे.