पोटातली ख्रिस्ती

मोक्पो बंदरामागच्या गल्लीत बोंगनमचा बायकांचा हमामखाना होता. तिथं अंग घासून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला तिची कुळकथा फुकटात ऐकावी लागे. "पणजोबांपासून चर्चमध्ये आहोत आम्ही. मी तर पोटातली ख्रिस्ती! आईच्या उदरातच स्तोत्रं पाठ झाली माझी." सत्तरी उलटली तरी हे सांगताना तिला नवा हुरूप चढायचा.

त्या शनिवारी अंग घासायच्या फळीवर पालथी पडली होती ओक्दान, सुक्या मासळीची दुकानदारीण. माहेर-सासर दोन्ही बुद्धाला पुजणारी. नवरा गेल्यावर ती चर्चमध्ये यायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा बाप्तिस्मा होता.

बोंगनम तिची पाठ खसाखसा घासत म्हणाली, "तरशील गं तू, नाही असं नाही. पण उशिरा आलेल्यांना मागची रांग. आमची जागा जन्माआधीच धरलेली."

"अगं, उद्या डोक्यावर पाणी घ्यायचंय, कातडं तरी शिल्लक ठेव!" ओक्दान कळवळली.

गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेली बोंगनमची थोरली बहीण बोंगजा एकदम खदखदली. "पोटातली म्हणे! कुणाच्या पोटातली, बये?"

"आईच्या!"

"तुझी आई पलीकडच्या बेटावरची देवरषीण होती. घुंगरं वाजवून दर्याचा कोप उतरवायची. तुला जन्म दिला आणि तापानं गेली. आपल्या घरचं तान्हं त्याच आठवड्यात गेलेलं. आपल्या आईला पान्हा आवरेना. लढाईचे दिवस, तरी होडीत बसून गेली आणि तुला छातीशी बांधून घेऊन आली. मला शपथ घातली होती गं, पण तुझा तोरा ऐकून कान किटले माझे!"

बोंगनम मटकन खाली बसली. मग तिला उचकी लागली, आणि उचकीतून हसू फुटलं. "म्हणजे मी पोटात घुंगरांवर नाचत होते?"

ओले केस तसेच घेऊन ती चर्चकडे पळाली. मागून पंचा घेऊन ओक्दान. पाळक मिन शेवया खात बसले होते.

"पाळकसाहेब, उद्या मलाही बाप्तिस्मा द्या! लहानपणीचा चुकीच्या पत्त्यावर गेलाय!"

सगळं ऐकून पाळकांना ठसका लागला. "बोंगनमबाई, दिला तो दिला. तुम्ही कुणाच्या पोटच्या, हे पाणी विचारत नाही."

"पण माझी जागा?"

"तारण वारशानं येत नाही. पणजोबा चर्चमध्ये होते म्हणून तुम्ही तरणार नव्हतात, आणि आई देवरषीण होती म्हणून अडणारही नव्हतात. देव ते फुकट देतो, आपण विश्वासानं हात पुढे करायचा. तुम्ही तुमचा, ओक्दानबाईंनी त्यांचा."

बोंगनमनं ओक्दानच्या हातातला पंचा ओढून केस पुसले. "आणि ती देवरषीण? तिनं तर येशूचं नावही ऐकलं नसेल."

पाळकांनी वाटी बाजूला ठेवली. "तिचं काय झालं, हे काही जण छातीठोक सांगतील. मला सांगता येत नाही. पण ज्याच्या हाती न्याय आहे, त्याच्यापेक्षा मला तिची जास्त दया येते, असं काही मी म्हणणार नाही."

परतताना मासळीबाजारात, ऑक्टोपसच्या टोपल्यांमध्ये, बोंगनमनं ओक्दानचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. "मला काहीच नव्हतं गं! कूळ नाही, गोत नाही, आणि तरी उचलून घेतलं मला!"

"हळू! म्हातारे गुडघे जातील!" ओक्दान ओरडली, पण तीही फिरत होती. कोळणी टाळ्या पिटायला लागल्या.

रविवारी ओक्दानच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तिच्याआधी बोंगनमच रडली, मग हसली, मग दोन्ही एकदमच.

पुढच्या आठवड्यात दोघी बहिणी आणि ओक्दान होडीनं बेटावर गेल्या. धक्क्यावर जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला बोंगनमनं देवरषिणीबद्दल विचारलं.

"ती? दर्याच्या पूजेला म्हणून माझ्या आज्याचा कोंबडा घेऊन गेली! आज्या मरेस्तोवर शिव्या घालत होता. पण वादळ थांबलं होतं, असंही म्हणायचा."

तिचं घर कुठं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मग तिघी तिथंच धक्क्यावर बसल्या, उकडलेली अंडी सोलली, आणि बोंगनमनं वाऱ्याकडे तोंड करून मोठ्यानं स्तोत्र धरलं. बोंगजाचा सूर लागेना. ओक्दानला शब्द येत नव्हते, तिनं सुचेल ते ठोकून दिलं.