सोमवारचं हिरवं

माझी शाळा पाचवीत सुटली. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी यांच्या आजाराची डायरी मोबाइलमध्ये ठेवायला सांगितली, तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. यांना पार्किन्सन. उल्हासनगरच्या कारखान्यात हे जीन्स शिवतात, आणि उजवा हात सारखा थरथरतो. शिलाई वाकडी जायला लागली तसे शेठ म्हणाले, "महिनाभर बघू, नाहीतर मशीन दुसऱ्याला." वाशीमकडचं गाव सोडून आम्ही बदलापुरात शिरगावला राहायला आलेलो. इथे रडायलासुद्धा हक्काचं माणूस नाही. देवावरचा विश्वासही त्या दिवसांत डळमळला होता, खोटं कशाला बोलू.

डायरी तशी सोपी. दर तासाला बोट लावायचं. ऑन म्हणजे हिरवं, ऑफ म्हणजे लाल. आता कारखान्यात ऑफ म्हणजे सुट्टी. म्हणून मी शुक्रवारी, यांच्या सुट्टीला, दिवसभर लाल लावलं आणि बाकी सगळे दिवस हिरवे. हे चिडवायचे, "एवढं लक्ष लग्नात पण नव्हतं तुझं माझ्याकडे!"

पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या रांगेत शेजारी एक सिंधी आजी बसल्या होत्या. माझा मोबाइल बघून हसल्याच. "अरे बेटा, ऑफ मतलब छुट्टी नहीं! हात-पाँव अटक जाए, वो टाइम. मेरे साहब का मैंने चार साल भरा है." त्यांनी माझं बोट धरून सगळं दाखवलं, आणि उठताना म्हणाल्या, "जैसा है वैसा भर. डर मत." मी नाव विचारायच्या आत त्या आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनीही डायरी नव्याने भरून दहा दिवसांनी यायला सांगितलं. मग खरं भरायला लागले, हे कामावर असले की फोनवर विचारून. सकाळची गोळी घेऊनही दुपारपर्यंत लालच लाल. फक्त सोमवारी हिरवं. सोमवारी मी अंबरनाथला शिवमंदिरात जाते, तेव्हा वाटलं, महादेवाचाच वार तो.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई डायरी बघत राहिल्या. "ताई, सोमवारी काय वेगळं करता?"

"देवाला जाते."

"ते बरोबर. गोळी कशाबरोबर देता?"

मग मी सगळं सांगितलं. रोज देवापुढे दूध ठेवून त्याच पेल्याने मी यांना गोळी द्यायची. वाटायचं, देवापुढचं दूध, गोळीला बळ येईल. सोमवारी मात्र सगळी पिशवी अभिषेकाला जायची, म्हणून गोळी पाण्याने.

"दुधाबरोबर ही गोळी नीट लागू पडत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाण्याने द्या, खाण्याच्या अर्धा तास आधी. दूध मागाहून."

महिना भरला त्या दिवशी शेठनी यांची शिलाई उजेडात धरून बघितली, आणि पुढचा गठ्ठा यांच्यापुढे सरकवला.

आजार गेलेला नाही, जाणारही नाही. त्या आजी पुन्हा दिसल्या नाहीत. रांगेत बसले की नजर त्यांना शोधते. सोमवारी दूध कोणी मागून घेतलं, रांगेत त्या आजींना माझ्या शेजारी कोणी आणून बसवलं, याचा वाद मी घालत नाही. आधी देवाकडे यांचा हात बरा व्हावा असं मागायची. आता मागत नाही. माझ्या हातून होतं तेवढं नीट करते, आणि दिवस लाल निघाला तरी तो तसाच देवापुढे ठेवून निवांत झोपते.